तान्हा पोळा मी फोडला

वर्ध्याचा तान्हा पोळा एका वर्षी ठरल्या वेळेच्या आधी फुटला, आणि तो मी फोडला. मुद्दाम नव्हे. माझी तिकडे पाठ होती.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पोळ्याला खरे बैल मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो, तो तान्हा पोळा. पोरं लाकडाचे नंदी सजवून चाकांवर ओढत आणतात, आंब्याच्या पानांच्या तोरणासमोर रांगेनं उभी राहतात, झडत्या म्हणतात (झडती म्हणजे यमक जुळवून केलेली थट्टा), पाहुण्यांचं भाषण ऐकतात, आणि मग पाहुणे तोरण तोडतात. तोरण तुटलं की पोळा फुटला! नंदी तोरणाखालून जातात आणि पोरं घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसा, मागायला सुटतात. तोपर्यंत कोणीही जागचं हलायचं नाही, असा कडक नियम. चांगल्या नंदीला आणि झडतीला नंबर काढून बक्षीसही देतात.

गोष्ट ऐंशी-एक्याऐंशीची. आम्ही वर्ध्याजवळच्या आंजी (मोठी)ला राहत होतो. मी सोसायटीत हिशेबनीस. घरात मी, बायको सुशीला आणि आठ वर्षांची कुंदा. आदल्या वर्षी कुंदानं वर्ध्याच्या तान्ह्या पोळ्यात वीतभर उंचीचा नंदी नेला होता. गर्दीत तो एका धष्टपुष्ट मुलाच्या धष्टपुष्ट नंदीखाली आला. वरून एका स्वयंसेवकानं "ए पोरी, बाजूला हो" म्हणून तिला रांगेतून काढलं. तिचा नंदी तोरणाखालून गेलाच नाही. पोरगी परतीच्या एस.टी.त एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर बोलली.

"बाबा, पुढच्या साली माझा नंदी तोरणाखालून गेलाच पाह्यजे."

"आणि नाही गेला तर?"

"तर मी मामाकडे राह्याले जाईन. आन् पाढे कधीच म्हननार नाई!"

मामाचं घर आमच्या घरामागेच होतं, त्यामुळे पहिल्या धमकीचं मला काही वाटलं नाही. दुसरी मात्र वर्मी लागली.

मामा म्हणजे सुशीलाचा धाकटा भाऊ, नामदेव. शेती करायचा आणि उरलेल्या वेळात मला सल्ले द्यायचा. त्यांच्या घरी एक सागवानी नंदी होता. उंची माझ्या छातीपर्यंत, आणि चेहऱ्यावर असा काही तुच्छतेचा भाव की माझ्या सासऱ्यांची आठवण व्हावी. तो यंदा कुंदाला मिळाला. पण त्याला चाकं नव्हती.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नंदीची लांबी मोजली, उंची मोजली, वजन सोसायटीच्या काट्यावर घेतलं. कुंदाला एकटीनं ओढता येईल का, याचा रीतसर हिशेब मांडला. (उत्तर आलं: नाही.) पुन्हा मांडला. (तरी नाही.)

नामदेव कागदाकडे बघत म्हणाला, "भाऊजी, कायले कागद खराब करून राह्यले? कापसाच्या जिनिंगच्या भंगारातले बेअरिंग आनतो. लावले का नंदी बोटानं पळते!"

आणि खरंच पळाला! अंगणात कुंदानं करंगळी लावली आणि नंदी सुळकन तुळशीपर्यंत गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. बोटानं पळणारा नंदी थांबतो कशानं, हे मी विचारलं नाही. आमचं अंगण सपाट आहे. मी पाण्याची बाटली आडवी ठेवून तपासलेलं आहे.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आम्ही चौघं आणि नंदी एस.टी.च्या थांब्यावर उभे राहिलो. कंडक्टरनं दारातूनच विचारलं, "हे काय जी?"

"नंदी," मी म्हणालो.

"जनावर गाडीत नाई चालत."

"लाकडाचा आहे हो."

"मंग लाकूड नाई चालत."

मी नियम काय आहे ते विचारणार, एवढ्यात नामदेव पुढे झाला. "अबे, महादेवाचं वाहन हाय थे! आजच्या दिवशी त्याले नाई म्हनतं? वर काय तोंड दाखवशीन?"

कंडक्टर चपापला. त्यानं नंदीला हात जोडले आणि स्वतः शिडीवर चढून त्याला टपावर बसवलं. नंदीचं तोंड पुढे, झूल वाऱ्यावर उडतेय, अशी आमची गाडी निघाली आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. टपावर नंदी दिसताच रस्त्याकडेची माणसं हात जोडू लागली. थांब्यावर बाया आरतीची ताटं घेऊन पुढे आल्या. एका म्हातारीनं तर गाडीपुढे उभं राहून सांगितलं, "पाया पडल्याशिवाय जाऊ नाई देत!" ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "गाडी कुठं हाय आता बाप्पा, पालखी झाली!" कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून नारळाचे तुकडे वाटत होता.

परिणाम असा झाला की आम्ही वर्ध्याला पोहोचलो तेव्हा रांगा कधीच लागल्या होत्या. शाळेच्या पटांगणापासून खालच्या मैदानापर्यंत रस्ता उतरत जातो. मैदानात मांडव, मांडवापुढे तोरण. पोरं आपापले नंदी घेऊन रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी. मधली वाट पाहुण्यांसाठी मोकळी ठेवलेली. आम्हाला जागा मिळाली ती अगदी वर, सगळ्यांच्या मागे, त्या मोकळ्या वाटेच्या तोंडाशी.

"इथून तोरण दिसूनच नाई राह्यलं," कुंदा टाचा उंचावत म्हणाली.

"नंबर येईल गं आपला," मी म्हणालो. नामदेवनं एक दगड शोधून चाकाखाली लावला. उताराचा एवढाच बंदोबस्त आमच्याकडे होता.

प्रवासात नंदीची दशा झाली होती. झूल मागून घसरली होती, बाशिंग सुटलं होतं, आणि दमट हवेनं पायांना लावलेला गेरू अजून ओलाच होता. मी सुई-दोरा काढला. (मी प्रवासात सुई-दोरा बाळगतो. लोक हसतात, गरज पडली की मागतात.) झुलीचं मागचं टोक शिवायचं तर नंदीवर बसणं भाग होतं, आणि तेही शेपटीकडे तोंड करून. बसलो. बाशिंग ठेवायला जागा नव्हती, म्हणून तेवढ्यापुरतं स्वतःच्या डोक्याला बांधलं. घाम पुसला तेव्हा हाताचा गेरू गालाला लागला असावा, हे मला नंतर समजलं. इतरांना लगेच समजलं होतं.

त्याच वेळी भोंग्यावर घोषणा झाली. "स्पर्धकांनी कासरा हातातून सोडू नये! सोडल्यास नंबर बाद! पालकांनी नंदीला हात लावू नये! लावल्यास नंबर बाद!"

मी दचकून दोन्ही हात वर केले.

"बाबा, उतरा ना लवकर!" कुंदा कासरा हाताला गुंडाळत ओरडली.

"हात न लावता उतरू कसा?"

"अहो, उडी मारा!" सुशीला म्हणाली.

उडी कुठल्या अंगाला मारावी याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात एका स्वयंसेवकानं शिटी फुंकली, "चला, चला, थोडं पुढं सरका!" आणि नामदेव! आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही त्यानं, पण त्या दिवशी ऐकलं. वाकला आणि दगड काढला.

नंदी निघाला.

माझं तोंड मागे असल्यामुळे मी कुठे चाललोय ते दिसत नव्हतं; फक्त कुठून आलो ते दिसत होतं, आणि ते झपाट्यानं लहान होत होतं. आधी नामदेव दिसला, हातात दगड घेऊन उभा. मग डबा सांभाळत पळणारी सुशीला. आणि सगळ्यांच्या पुढे, कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन वेण्या उडवत धावणारी कुंदा!

"कुंदा, कासरा सोड!"

"नाई सोडत! नंबर जाते!"

"पडशील गं!"

"नाई पडत! तुमी हात खाली करू नका, बाबा!"

म्हणून मी हात वरच ठेवले. दोन्ही कडांच्या पोरांना वाटलं, मी त्यांना अभिवादन करतोय. त्यांनी "हर हर महादेव!"चा गजर केला. आमच्याकडे माणसाला उलटं बसवून धिंड काढतात ती गाढवावरून. नंदीवरून निघालेली बहुधा माझी पहिलीच.

समोरचं दिसत नसलं तरी किती जवळ आलो याचा अंदाज मला पाहुण्यांच्या भाषणावरून येत होता. सुरुवातीला नुसतं गुणगुणणं होतं. मग "बालमित्रांनो" कळलं. मग "शेतकरी हा देशाचा कणा" स्वच्छ ऐकू आलं. मग "अरे, अरे, अरे!" हे शब्द तर थेट कानामागे आले, आणि मानेवर काहीतरी ओलं, दोरीसारखं घट्ट बसलं. तट्! तोरण तुटलं. पुढच्याच क्षणी बेअरिंगं मैदानाच्या चिखलात रुतली आणि नंदी थांबला. माझ्या गळ्यात आंब्याची पानं, डोक्याला बाशिंग, दोन्ही हात आकाशात.

पाहुणे हातात भाषणाचे कागद धरून उभे. कागद अजून बरेच शिल्लक होते.

मग मागून कोणत्यातरी पोराचा आवाज आला, "पोळा फुटला रे!"

आणि खरोखरच फुटला! एवढा वेळ उन्हात ताटकळलेली सगळी पोरं नंद्यांसकट सुटली. नंदीमागून नंदी तोरणाच्या जागेवरून खडखडत गेले. आया सुटल्या, बाप सुटले, ढोल सुटले. पाहुण्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा कागदांकडे, आणि कागदांची घडी करून खिशात ठेवली. त्यांच्याइतका मोकळा झालेला माणूस त्या मैदानात दुसरा नव्हता.

मोकळे झाले नव्हते ते फक्त समितीचे सचिव. ते तरातरा आले. "बाद! हा नंबर बाद! पालकानं हात लावला!"

कुंदाचे डोळे भरले. एवढी धावली तेव्हा रडली नव्हती. मी खाली उतरलो (चिखलात, पाठीवर). एवढ्यात नामदेव धापा टाकत पोहोचला.

"हात कुठी लावला जी? हात वर होते त्याहिचे! साऱ्या वर्ध्यानं पाह्यलं!"

"अहो, पण ते बसले होते!"

"बसू नाई असं भोंग्यावर म्हनलं का?"

सचिवांनी भोंग्याकडे पाहिलं. नियमांच्या बाबतीत मी सहसा नामदेवच्या बाजूला नसतो, पण मुद्दा बिनतोड होता.

परीक्षक म्हणून एक वयस्क मुख्याध्यापिका होत्या. त्या शांतपणे कुंदाजवळ आल्या. "कासरा सोडला होतास का गं?"

कुंदानं मूठ उघडली. तळहातावर दोरीचा लालभडक वळ होता, आणि कासरा अजून मनगटाला गुंडाळलेला.

"आणि तोरणाखालून पहिला नंदी कोणाचा गेला?"

"माझा," कुंदा म्हणाली. एवढा ठणठणीत आवाज मी तिच्या पाढ्यांत कधी ऐकला नाही.

"झडती येते?"

कुंदानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मग तिनं नाकानं सुस्कारा सोडला आणि तिथल्या तिथे रचून म्हटली,

"सागाचा नंदी, लोखंडाचं चाक,
उताराले लागला, कोन मारते हाक?
बाबानं मांडला हिशेब कागद घेऊन बसून,
नंदीनं टाकला सारा उतारावर पुसून!"

"हर हर महादेव!" सगळं मैदान गरजलं. सचिवसुद्धा हसले. पहिला नंबर कुंदाला! हातभर उंचीची पितळी ढाल तिनं पाहुण्यांच्या हातून घेतली, आणि मागच्या वर्षीच्या त्या धष्टपुष्ट मुलाला मामाच्या खांद्यावरून दोनदा दाखवली. सुशीला रडत होती, हसत होती आणि अनोळखी बायांना डब्यातल्या करंज्या वाटत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा, एका चुकीच्या निघालेल्या हिशेबावर, खूश होतो.

तेवढ्यात भोंगा पुन्हा वाजला. मुख्याध्यापिका बाई बोलत होत्या. "याच नंदीवरच्या विदूषकाला परीक्षकांच्या वतीनं खास बक्षीस देण्यात येत आहे!"

मी इकडेतिकडे विदूषक शोधला. नामदेवनं मला ढकललं. बक्षिसाच्या रांगेत माझ्यापुढे एक पहिलीतला मुलगा होता आणि मागे एक बालवाडीतली मुलगी. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी एक रंगीत चेंडू माझ्या हातात ठेवला आणि कौतुकानं म्हणाल्या, "सोंग फारच छान वठलं हो. चेहरा कोणी रंगवला?"

खुलासा करायला मी तोंड उघडलं. पण सुशीला आधी बोलली.

"थोडासा गेरू लागला जी, बाकी घरचंच हाय."

बाईंनी हसून आपला रुमाल पुढे केला. मी चेहरा स्वच्छ पुसला.

टाळ्या आणखी वाढल्या.