शंभर बाटल्यांचं बिल

विम्याच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईला सिनेमा बघायला जावं लागत नाही. बारामतीतल्या एका खासगी दवाखान्यात मी अकरा वर्षं कॅशलेसच्या डेस्कवर आहे. मैत्रिणी भेटल्या की चहा यायच्या आत विचारतात, "आज कोण भांडलं?" पण गेल्या वर्षी लासुर्ण्याचे तात्या आणि आक्का आले आणि त्यांनी बाकीच्या सगळ्यांची सुट्टीच करून टाकली. एकाच बिलातून इतके किस्से!

*

तात्यांना डेंग्यू झाला होता. चार दिवस ॲडमिट. आक्कांची नजर तात्यांवर कमी, सलाइनवर जास्त. बाटली रिकामी झाली रे झाली की आक्का ती ताब्यात घेणार आणि तिच्या मानेला आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधणार. बांधावरच्या नारळाच्या रोपांना थेंब थेंब पाणी द्यायला या बाटल्या फार कामाच्या. वॉर्डात त्यांना गिऱ्हाइकंही भरपूर, म्हणून ही खूण.

सिस्टर ओरडली, "मावशी, ती कचऱ्यात टाकायची असते! नियम आहे!"

"पैसं आमचं, मग बाटली बी आमचीच की!"

डिस्चार्जच्या दिवशी आक्कांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. दहा बाटल्या होत्या, पिशवीत नऊच! एक कुणीतरी लांबवली. मी म्हटलं, "आक्का, मोजताना चुकलं असेल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप खिडकीमागे जाऊन बसले.

*

आठवड्याने विमा कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर! कारण, चार दिवसांत शंभर सलाइन.

दहाचे शंभर झाले होते. आणि आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, ती एंट्री माझीच. त्या दिवशी माझा चष्मा फुटला होता, एक शून्य जास्त दाबलं गेलं.

तात्यांनी शंभर बाटल्यांचं पाणी मनातल्या मनात मोजलं आणि म्हणाले, "पोरी, एवढं पानी तर औंदा माझ्या उसाला बी न्हाय गावलं!"

मी हसले, पण सगळं बिल आता तात्यांनी भरायचं होतं. त्यांच्याकडे पैसे होते ते नातीच्या, पिंकीच्या, नर्सिंगच्या फीचे. महिनाअखेरीला फी गेली नाही तर पोरीचा प्रवेश जाणार.

आमच्या मॅनेजर साहेबांना दोनच गोष्टी प्रिय. एक कॉम्प्युटर आणि दुसरी केबिनच्या खिडकीतली मनीप्लांट. हल्ली ती अगदी टवटवीत झाली होती म्हणे. म्हणे अशासाठी, की आम्ही सगळे बोलायचो ते दारातूनच.

तात्यांनी दारातूनच बिल दुरुस्त करायला सांगितलं, तर साहेब म्हणाले, "बिल लॉक झालंय. सिस्टिम चुकत नसते."

आक्कांनी पिशवी उघडून बाटल्या दाखवल्या.

"हा कचरा आहे. कचरा पुरावा होत नाही!"

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नोकरीच्या भीतीने नाही उघडलं. अजून लाज वाटते.

*

मी अर्ज लिहून दिला, केस पुन्हा उघडली. कंपनीने चौकशीसाठी तात्यांच्या शेजाऱ्याला फोन लावला. शेजारी सावध माणूस. त्याला वाटलं, बँकेची वसुली आली!

"तात्या? ते हितं ऱ्हात न्हाईत. दोन वर्सं झाली, दुबईला हाईत!"

झालं! कंपनीचं दुसरं पत्र. पेशंट परदेशात असताना बारामतीत ॲडमिट कसा?

तात्या शेजाऱ्याला घेऊनच माझ्या खिडकीवर आले. "ह्येनंच पाठवलं मला दुबईला! आन् मला इंदापूरच्या फुडं यष्टी लागती!"

शेजारी खाली मान घालून म्हणाला, "मी दोस्ती निभावली."

*

मग कंपनीने आणखी एक खुसपट काढलं. आहाराचे पैसे लावलेत, पण पेशंट तर चार दिवस नुसती पेज पीत होता.

मी विचारलं, "तात्या, आपल्या दवाखान्याची खिचडी खाल्लीत का हो?"

"एक घास न्हाय. भेटाया आल्याली पावणी खायाची. त्येंच्या इम्यातनं कापा म्हणावं!"

*

शेवटी पुण्याहून कंपनीचा अधिकारी आला. सज्जन माणूस, पण आकड्यांना पक्का. आक्का म्हणाल्या, "कागद ऱ्हाऊ द्या. रानात चला." कागद दाखवायला मीही गेले.

बांधावरून चालताना मला राहवलं नाही. "आक्का, ती चूक माझी होती हो."

"ठावं हाय. त्या दिशी तुझ्या डोळ्यावं चष्मा नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी नोकरी गेली तर माझी कागदं कोन वाचंल?"

बांधावर नारळाची नऊ रोपं, नऊ बाटल्या, नऊ हिरव्या चिंध्या. अधिकाऱ्याने दोनदा मोजल्या आणि डोकं खाजवलं. "बिलात शंभर, सिस्टरच्या वहीत दहा, इथे नऊ. तीन ठिकाणी तीन आकडे! मी काय लिहू?"

"धाच हुत्या! एक चोरली कुनीतरी!"

"मग ती दाखवा, आक्का. नाहीतर मला केस बंद करावी लागेल."

आक्कांनी बाटल्या पुन्हा मोजल्या, नऊच! महिना संपायला चार दिवस उरले होते.

*

केस बंद असं लिहून देण्याआधी अधिकाऱ्याला आमच्या साहेबांची सही हवी होती. परत दवाखान्यात आलो. अधिकारी केबिनमध्ये शिरला, त्याच्या मागोमाग आक्का, तात्या आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आत पाऊल टाकणारी मी.

साहेब पेन शोधत होते. आक्का खिडकीकडे बघत होत्या. मग मी बघितलं. मग अधिकाऱ्याने.

मनीप्लांटवर सलाइनची बाटली टांगली होती. थेंब थेंब पाणी पडत होतं. मानेला हिरवी चिंधी!

साहेब म्हणाले, "अहो, ते... कचराच होता तो..."

अधिकाऱ्याने शांतपणे पेन उघडलं आणि लिहिलं, दहा. "जुळलं. क्लेम पास." पिंकीची फी वाचली! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आक्का खिडकीपाशी गेल्या आणि बाटली सोडवू लागल्या. "पैसं आमचं, बाटली आमची."

अधिकारी हसून म्हणाला, "आक्का, आता पैसे कंपनीचे."

आक्का थांबल्या. जरा विचार केला आणि बाटली त्याच्या हातात दिली.

"व्हय की! मग रानातल्या नऊ बी तुमच्याच. उद्या सकाळधरनं नारळांना पानी घालाया येत जावा."