तळपायाची तीट
घरच्या काजळाचा तो एरंडेली वास आला की मला आमच्या वसईच्या प्रसूतिगृहातली एक उकाड्याची दुपार आठवते. बदली सिस्टर आलीच नव्हती, त्यामुळे सकाळची ड्यूटी तशीच पुढे ओढत मी बाळांचा ऑक्सिजन मोजत होते. आधी उजव्या हाताला मशीनची लाल उजेडाची पट्टी लावायची, मग पायाला. दोन्हीकडचा आकडा जवळपास सारखा यायला हवा. चांदीप गावच्या एका दोन दिवसांच्या बाळाचा हाताचा आकडा सत्त्याण्णव आला आणि पायाचा शहाऐंशी. पाहिलं तर त्याच्या आजीने तळपायाला रुपयाएवढी तीट लावलेली; काजळ मध्ये आलं की पट्टीचा उजेड अडतो आणि आकडा चुकू शकतो. माझे पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं. "आजी, तुमच्या या काजळानं सगळा घोळ केलाय!" मी ओरडले. "नजर लागू नये म्हनून लावलं गो बाय," त्या पुटपुटल्या. मी स्पिरिटने पाय खसाखसा पुसला, पुन्हा पट्टी लावली. शहाऐंशीच. मग धावपळ झाली. डॉक्टरांनी तपासलं, हृदयात जन्मतःच दोष आहे म्हणाले, आणि तासाभरात बाळ अँब्युलन्समधून मुंबईला गेलं. तीन महिन्यांनी त्याची आई ऑपरेशन झालेलं, गुटगुटीत बाळ दाखवायला आली. "आजी नाही आल्या?" मी विचारलं. "सासूबाई त्याला हातच लावत नाहीत," ती म्हणाली. "माझ्या काजळानंच झालं म्हनतात." चांदीपला जाऊन त्यांची समजूत घालायची, असं मी तेव्हाच ठरवलं, पण सुट्टीच्या दिवशी अंगच उचलायचं नाही. आता निवृत्त होऊनही काही वर्षं झाली, रोजच सुट्टी आहे, आणि मी अजून गेलेले नाही.