अण्णाचा गुडघा

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, काथ्याच्या मॅटिंगवर लेगब्रेक टाकायचा. कानडी मुलखातलं आमचं शहर, तिथल्या चामराजपेटच्या मैदानावर शिकला, राज्याच्या संघात गेला. सरकारी कारखान्यात त्याला लेथवर घेतलं ते लेथ येत होतं म्हणून नव्हे, कारखान्याच्या संघाला बळी घेणारा हवा होता म्हणून. स्पष्टच लिहितो. सामन्यांसाठी त्याला भरपगारी रजा मिळायची. खांदा थकल्यावर तो शिकवू लागला, आधी कारखान्याच्या संघाला, मग राज्याच्या. फलंदाजाचे पाय बघून सांगायचा, हा उद्या कसा बाद होणार. बहुतेक तसाच व्हायचा.

मी त्याच कारखान्यात लागलो, पण माझा जीव युनियनच्या पत्रकांत. मी लिहायचो, सायक्लोस्टाइल करायचो, सकाळच्या पाळीला गेटवर वाटायचो. त्या वर्षी आमचा राग अधिकाऱ्यांवर होता. ते कामाच्या वेळेत टेनिस खेळायचे आणि त्यांची हजेरी लागायची. आमच्या माणसाला बायकोच्या बाळंतपणाला दोन दिवस मिळायचे नाहीत. मी लिहिलं, ‘खेळासाठी दिलेली प्रत्येक रजा ही कामगाराच्या रजेची चोरी आहे. ती सरसकट बंद करा.’ सरसकट हा शब्द मला फार आवडला होता. वहिनीने वाचून विचारलं, यात हेही येतात ना? मी म्हणालो, तत्त्वाच्या लढ्यात घर बघायचं नसतं.

दोनेक महिन्यांनी अण्णाला पत्र आलं. परदेश दौऱ्याआधी राष्ट्रीय संघाचं शिबिर होतं, आणि शिबिरापासून दौरा संपेपर्यंत प्रशिक्षक म्हणून त्याला बोलावलं होतं. देशाकडून तो कधी खेळला नव्हता. वहिनीने पत्र देवापुढे ठेवलं. अण्णाने पांढरी पँट इस्त्रीला टाकली आणि रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेला.

साहेबांनी खणातून माझं पत्रक काढलं आणि ते वाक्य त्याला वाचून दाखवलं. युनियनची मागणी व्यवस्थापनाने मान्य केली आहे, म्हणाले. त्या वर्षी मान्य झालेली आमची ती एकमेव मागणी. बाळंतपणाची रजा तशीच राहिली. टेनिसही चालू राहिलं, कारण त्यांना रजा लागतच नव्हती. आजही हे आठवलं की माझी मूठ वळते, पण कोणावर उगारायची ते कळत नाही.

नोकरी सोडायचा विषय नव्हता. घरात आई, दोन मुली. मी नवं पत्रक लिहायला बसलो, तर अण्णा म्हणाला, कालचं खोडायला आज दुसरं काढलंस तर गेटवर लोक हसतील तुला.

मग नकाराचं पत्र लिहायचं होतं. त्याचं इंग्रजी कच्चं, म्हणून मीच लिहिलं, खरं ते लिहिलं, व्यवस्थापनाने रजा नाकारली असं. त्याने मराठीत सांगायला लावलं आणि ऐकून घेतलं.

“का नाकारली, विचारतील. मग तुझं पत्रक पाठवू का त्यांना?” तो म्हणाला. “गुडघा दुखतो, असं लिही.”

“मी खोटं लिहीत नाही, अण्णा.”

“ठाऊक आहे रे. स्वल्पच लिही. दोन ओळी.”

मी दोन ओळी लिहिल्या. इतक्या सफाईदार ओळी मी पत्रकातही कधी लिहिल्या नव्हत्या.

गुडघ्याची बातमी गावभर झाली. राज्य संघाची माणसं घरी आली, कोणी तेल आणलं, कोणी वैद्य सुचवला. अण्णा सगळ्यांना कानडीत सरी, सरी म्हणाला, म्हणजे बरं, बरं. तोवर रविवारी तो मैदानावर जायचा, हातात चेंडू घ्यायचा. आता चेंडू घेणं बंद झालं. कोणी बघितलं तर? गुंडाळलेल्या मॅटिंगवर बसून तो नुसतं तोंडाने सांगतो. कुठल्याही दौऱ्याचं समालोचन लागलं की रेडिओ बंद करून मागच्या दारी जातो.

अजूनही कोणी बघत असेल तेव्हा तो जिन्यावर कठडा धरून, एकेक पायरी चढतो. काल जिन्यावर कोणी नव्हतं. तरी त्याने कठडा धरला. मागे फक्त मी होतो.