सून माहेरी, मी खाटेपाशी

"झाक थे पोट्टी. माह्या नातवाले नजर लागन."

नातवाच्या भर बारशात मालगुजारीणबाई, गावच्या जमीनदारीण, ओरडल्या. माझी मुलगी दोन महिन्यांची, माझ्या मांडीवर. तिच्या दोन्ही बुबुळांत मधोमध भाताच्या शितासारखं पांढरं.

"गिरानात इळा धरला असन हिनं," बाईच म्हणाल्या.

मागून कोणी म्हणालं, "बाई, जिले दिसतच नाई, तिची नजर का लागन?"

सगळ्या हसल्या. मी मुलीच्या तोंडावर पदर ओढला. मीही तिला झाकलं. ते अजून सलतं.

पोटुशी असताना ग्रहणात मी विळा धरला नव्हता. उपाशी, हात बांधून बसले होते.

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बत्ती धरली. "मोतीबिंदू. जन्माचाच." मला वाटायचं, तो म्हाताऱ्यांना होतो. मग त्यांनी विचारलं, "पोटात असताना तुझ्या अंगावर बारीक लाल पुरळ आलं होतं?"

आलं होतं. तिसऱ्या महिन्यात. तीन दिवस.

"तो लागणारा आजार. त्यानंच झालं. तुझी चूक नाही."

परतताना गाडीत सगळं आठवलं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत मालगुजाराच्या धाकट्या मुलीच्या अंगावर पुरळ उठलं. माता आली म्हणाले. घरात माता असली की पोटुशीनं तिथं राहू नये, अशी रीत. बाईंनी त्याच दिवशी बंडी जुंपून पोटुशी सून माहेरी पाठवली. आणि मला बोलावलं. मीही पोटुशी, हे त्यांना माहीत होतं. "मातेची सेवा कर, पुन्न लागन." पाच दिवस खाटेपाशी बसून मी कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घातला. पंधरवड्यानं माझं अंग लाल झालं.

डोळ्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं, हे मी मानते. पण सून पाठवायची, हे ठाऊक होतं.

मुलीचं ऑपरेशन झालं. तिला उजेड कळतो, एवढंच. मी हाक मारली की हसते. हाक नाही मारली तर मी समोर असून नसते.

पुढच्या रोवणीत त्यांच्या नातवाला माता आली. बाई स्वतः माझ्या दारात आल्या. माझ्या जावेला चौथा महिना होता.

"तुह्या जावेले पाठव."

त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली.

"थे घरी नाई, बाई. मातेचं आयकलं तसं तिले माहेरी धाडलं. तुमी सुनेले धाडलं होतं, तसंच."

"अन् सेवा कोन करन?"

"तुमी करा."

मुलगी माझ्या कडेवर होती. तिचं तोंड मी उघडंच ठेवलं.

आता या गावातली एकही पोटुशी त्या खाटेपाशी बसणार नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी एकेकीच्या चुलीपाशी जाऊन सांगीन.