शेवटच्या कडव्यातले दौलतभाऊ

उपासाच्या दिवशी पोट रिकामं असतं म्हणून असेल, पण आमच्या भजन मंडळाचे किस्से मला शुक्रवारीच जास्त आठवतात. एक आठवला की दुसरा त्याचा पदर धरून येतोच! त्यातले निम्मे दौलतभाऊंचे. गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात त्यांची पिठाची चक्की. मंडळात पेटी वाजवतात, देवीची गाणी रचतात. आणि सुचतं ते चक्की सुरू असतानाच! एकदा लाइट गेली, गाणं अर्ध्यावर. मी डबा घेऊन उभी. म्हटलं, "भाऊ, पुढचं?"

"करंट आला की येईन, बाई. पीठबी आन् कडवंबी!"

*

त्यांचं 'रानवाटेनं ये गं माय' आता चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरी म्हणतात. शेवटच्या कडव्यात, जुन्या रीतीप्रमाणे, रचणाऱ्याचं नाव आहे: 'दौलत म्हणे'. पण तिथवर कोणी पोचेल तर ना! आमच्या अध्यक्ष रुखमाबाई त्याआधीच आरतीचं ताट उचलतात.

"भाऊ, शिरा थंडा होऊन राह्यला. शेवटचं कडवं पुढच्या शुक्रवारी!"

"पुढच्या शुक्रवारी शिरा गरमच राहीन का, बाई?"

*

मग भाऊंनी नाव पहिल्या कडव्यात आणलं. पण बाया घरचं आटोपून येतात दुसऱ्या कडव्याला! रुखमाबाई म्हणाल्या, "पहिलं कडवं माईक टेस्टिंगचं असते, भाऊ." नाव परत शेवटी गेलं.

मला फार वाईट वाटलं. देवीला बोलले, 'माय, भाऊंचं नाव एकदा चारचौघांत गाण्यात येऊ दे, तुझी ओटी भरीन.'

*

तालुक्याच्या स्पर्धेत निवेदकानं पुकारलं, "पारंपरिक गीत. कवी अज्ञात!" अज्ञात कवी स्टेजवरच पेटी घेऊन बसलेले! मी कुजबुजले, "भाऊ, हात वर करा ना!"

"कोणता करू? एक भात्यावर, एक सुरांवर. पेटी बंद पडन ना!"

*

एकदा ऑटोत तेच गाणं लागलं होतं. ड्रायव्हर भाऊंना म्हणाला, "लय जुनं आहे, काका. लिवणारा कधीचाच मेला असन."

"कायनं?"

"दारूनं. असे लोकं दारूनंच जाते!"

भाऊंच्या गळ्यात तुळशीची माळ. उतरताना म्हणाले, "बिचारा!"

*

माझ्या लेकीच्या सासरी, अहेरीला, भजन ठेवलं होतं. तिथला पेटीवाला आजारी, म्हणून मी भाऊंना घेऊन गेले. गाणाऱ्या बाईंनी नेमकं तेच गाणं धरलं. कडव्यामागून कडवं झालं, कोणी ताट उचललं नाही! माझे हात आपोआप जोडले गेले. शेवटच्या कडव्याआधी बाई थांबल्या.

"आमच्या इथी शेवटच्या ओळीत पाहुण्याचं नाव घालते. भाऊ, तुमचं नाव काय जी?"

"दौलत."

बाईंनी डोळे मिटून 'दौलत म्हणे' असं खणखणीत म्हटलं. सगळ्या बायांनी मागून उचललं. भाऊंची पेटी क्षणभर थांबलीच.

गाणं संपल्यावर बाई खूश. "घ्या! कसं बरोब्बर बसलं! मागच्या वेळी पाहुणे पुरुषोत्तमराव होते, पूरा ताल तुटला!"