वाट आखणारे साडू

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या खडीच्या वाटा माझ्या साडूंना जितक्या ठाऊक होत्या तितक्या तिथल्या मेंढपाळांनाही नसतील, हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगायला तयार आहे. कुठल्या टेकडीमागे चिखल साचतो, कुठलं फाटक आत उघडतं नि कुठलं बाहेर, कुठल्या शेतात बैल मोकळा सोडतात, सगळं त्यांना तोंडपाठ. साडूंनी इंग्लंड पाहिलेलं नव्हतं. त्यांना सायकलही येत नव्हती. सिंगापुरात, चोआ चू कांग भागातल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून आणि चष्मा कपाळावर चढवून हा माणूस दर आठवड्याला इंग्लंडातून एक नवी वाट काढायचा. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ताट वाढून उभ्या असायच्या आणि साडू म्हणायचे, "थांब गं, एवढा ओढा ओलांडू दे."

याचं कारण त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. ती तिकडे शिकायला गेली आणि पहिल्याच सत्रात तिनं सायकल घेतली. साधी सायकल घेतली असती तरी साडूंना पंधरा दिवस अन्न गोड लागलं नसतं, आणि हिनं घेतली ग्रॅव्हल बाइक. म्हणजे हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं, टायर मात्र जाड, आणि समोर चांगला डांबरी रस्ता असताना तो सोडून खडीतून, मातीतून, शेताच्या बांधाबांधानं जाण्यासाठीच जन्माला घातलेली वस्तू. "अहो साडूभाऊ, रस्ता आहे हो तिकडे! गुळगुळीत रस्ता आहे! सरकारनं बांधलाय!" असा त्यांचा फोन मला भर मीटिंगमध्ये आला होता. मुलगी काही बधेना. शेवटी बापलेकीत तह झाला. जायचं तर बाबांनी आखलेल्या वाटेनंच जायचं, आणि फोनवर आपला ठावठिकाणा चालू ठेवून. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी, म्हणजे तिकडे सकाळ झाली की, साडूंच्या पडद्यावर एक निळा ठिपका हिरव्या शेतांतून सरकायला लागे आणि त्याच्यामागे साडूंचा जीव.

तसा काळजी हा त्यांचा पोटापाण्याचाच उद्योग. एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय बिघडू शकेल हे आधीच शोधून काढायचं त्यांचं काम. ऑफिसात त्यासाठी बढत्या मिळत, घरी बोलणी. ताई नोव्हेनाच्या एका इस्पितळात डॉक्टर. दिवसभर खरी संकटं बघून आल्यावर घरातल्या संकटांसाठी त्यांच्याकडे काही शिल्लकच राहत नसे. "मन चिंती ते वैरी न चिंती," एवढं म्हणून त्या टीव्ही लावत. आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटवर आले की साडू चहाच्या आधी शेल्टरच्या खोलीचं पोलादी दार उघडून बघायचे. बॉम्ब पडले तर घरच्यांनी लपायची ती खोली, आणि सगळ्यांप्रमाणे आम्हीही तिची अडगळ केलेली. "युद्ध झालं तर या सूटकेसी आणि लोणच्याच्या बरण्यांमध्ये तुम्ही सगळे उभे कुठे राहणार?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, "युद्ध झालं तर लोणचं लागेलच की." ते हसले नाहीत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवलं की जागा आपली झाली, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. साडू पाकीट ठेवायचे आणि ते कुणी उचलू नये म्हणून मला त्याच्याशेजारी बसवायचे.

वाटा आखतानाही हेच. उपग्रहाच्या चित्रात त्यांना एका कुरणात पांढरे ठिपके दिसले. "गाई," ते म्हणाले. मी सांगितलं, अहो, हा फोटो दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल. साडूंचा चेहरा आणखीच पडला. "म्हणजे आता त्यांना वासरं झाली असणार. वासराची गाय अंगावर येते." झालं, वाट कुरणाला वळसा घालून गेली. माणसाला अंग चोरून जाता येईल पण गुराला येणार नाही, असं एक फाटक इंग्रज लोक शेताच्या कडेला बसवतात आणि त्याला किसिंग गेट म्हणतात. त्यातून सायकल उभी करून, उचलून काढावी लागते, म्हणून मुलीला आधी सांगणं भाग. "पुढे तसलं फाटक आहे," साडू फोनवर म्हणाले. "कसलं?" "तसलं गं. आईला विचार." आणि अगदी पहिल्या वाटेची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. नकाशावर एका जागी 'फोर्ड' असं छापलेलं पाहून साडूंचा जीव भांड्यात पडला. मोटारीचं गॅरेज! म्हणजे माणसं असणार, हवा भरायचा पंप असणार, बाथरूम असणार. त्यांनी तिथेच लेकीचा विसावा ठरवून टाकला. लेक पोचली तर गॅरेजचा पत्ता नाही, रस्त्यावरून आडवी नदी वाहतेय. पाण्यातून चालत ओलांडायच्या जागेला, आपण ज्याला नदीचा उतार म्हणतो त्याला, इंग्रजीत तोच शब्द आहे हे साडूंच्या गावीही नव्हतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं फोन लावला, "बाबा, तुझं गॅरेज फार थंड आहे लाह!" शेवटच्या शब्दाला सिंगापुरी हेल काढत ती हसत होती. साडू त्या रात्री जेवले नाहीत, आणि पुढे नकाशातला प्रत्येक शब्द कोशात बघितल्याशिवाय त्यांनी पोरीला त्यावरून जाऊ दिलं नाही.

अशा माणसाचा एका शनिवारी मला फोन आला. "साडूभाऊ, ठिपका थांबलाय." एवढंच बोलले. आवाज असा होता की मी थट्टा न करता चपला घातल्या. ताई ड्यूटीवर होत्या. सेंगकांग सिंगापूर बेटाच्या या टोकाला, चोआ चू कांग त्या टोकाला. सबंध वाटभर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी स्वतःला समजावत होतो की पोरगी कुठेतरी चहा पीत बसली असेल. पोचलो तर दार सताड उघडं आणि साडू लॅपटॉपसमोर उभे. ठिपका एका फाटकापाशी थांबला होता. मी घरून निघण्याच्या आधीपासून तिथेच होता. तिचा फोन वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. साडूंनी जवळच्या खेड्यातल्या पबचा नंबर शोधून तिथेही फोन केला होता. "बाई सज्जन वाटली. म्हणाली, काळजी करू नका, आज हवा फार छान आहे. हवेचं काय घेऊन बसली!" मी हसायचा प्रयत्न केला. पण आपणही त्या ठिपक्याकडे बघत बसलो की तो किती स्थिर असतो ते कळतं. जरा वेळानं मीही नकाशा मोठा करून बघायला लागलो. फाटक, त्याच्यापलीकडे उतार, उतारावर खडी. चाक घसरलं असेल तर? साडू आता काहीच बोलत नव्हते, आणि त्यांच्या बडबडीला वर्षानुवर्षं वैतागलेला मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला हो, काहीतरी बोला, त्या गाईंबद्दल तरी बोला.

फोन वाजला तेव्हा तो उचलायच्या घाईत त्यांच्या हातून स्पीकरचं बटण दाबलं गेलं, म्हणून मलाही ऐकू आलं. "बाबा, सॉरी. मी ओके आहे. फोन फाटकापाशी ठेवून पुढे गेले होते."

"विसरलीस होय?"

"नाही. मुद्दाम ठेवला. पिशवीत घालून, झुडपाखाली. बाबा, तू बघत असतोस ना, तेव्हा मी तुझ्यासाठी सायकल चालवते. कुठे थांबावंसं वाटलं तरी थांबत नाही, तू घाबरशील म्हणून. आज मला बघायचं होतं, कुणी बघत नसताना कसं वाटतं ते."

आता साडू भडकणार, असं मला वाटलं. खरं तर मीच भडकायच्या बेतात होतो. बापाचा जीव टांगणीला लावून ही पोरगी मजा करत होती. साडूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग? कशी होती वाट?"

मुलीला वाट कशी आहे ते सांगण्यात ज्यांची वर्षं गेली, त्यांनी ते तिला पहिल्यांदाच विचारलं होतं. ती धबधब्यासारखी सुटली. एका पडक्या भिंतीवर ती नुसतीच बसून राहिली होती. उतारावर तिनं ब्रेक लावलाच नव्हता. एक ससा कितीतरी वेळ तिच्या बाजूनं पळत होता. ब्रेकच्या वाक्याला साडूंनी टेबलाची कड घट्ट धरली, पण मध्ये बोलले नाहीत. लॅपटॉपकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी फोन बरोबर ने गं. पंक्चर झालं तर लागेल. ठिपका नाही चालू ठेवलास तरी चालेल." 'चालेल' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो, कारण मलाही रडू येत होतं.

रात्री ताईंना कळलं तेव्हा त्या नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "इतके दिवस वाट आखलीत. आता जरा वाट बघायला शिका." साडू ते शिकले, पण फार कष्टानं. त्यानंतर शनिवारी दुपारी ते आमच्याकडे येऊन बसू लागले. घरी एकट्यानं बसवत नसे. बायको पोहे करी, मी क्रिकेट लावून देई, आणि साडू पडद्याकडे बघत चुकीच्या संघासाठी टाळ्या वाजवत. बाहेर अंधारून येई, समोरच्या ब्लॉकमधले दिवे लागत, आणि मग केव्हातरी त्यांचा फोन वाजे. फोन त्यांच्या हातातच असायचा, तरी ते लगेच उचलत नसत. दोनदा वाजू देत. आपण ताटकळत बसलो होतो असं पोरीला वाटू नये म्हणून.