सुपारीचा गणपती

आज सूनबाईने शाडूचा गणपती घरात आणला, आणि त्या ओल्या मातीच्या वासाने मी एकदम मध्यभारत राज्य होतं त्या काळात, इंदूरच्या आमच्या घरी जाऊन पोचले.

चतुर्थीची सकाळ होती. माझा मोठा भाऊ, दादा, आतल्या खाटेवर टायफॉइडने तापलेला. बाबा राजवाड्यासमोरच्या बाजारातून मूर्ती घेऊन आले आणि उंबऱ्यात अडखळले हो! मूर्तीचे तुकडे तुकडे. बाबांचे हात तसेच पुढे, अजून मूर्ती धरल्यासारखे. सगळ्यांचे डोळे दादाच्या खाटेकडे.

"हाय राम, जाऊबाई, अपशकुन झाला!" काकू रडायलाच लागली.

आई तुकडे पदरात गोळा करत म्हणाली, "कसला अपशकुन? प्राणप्रतिष्ठा कुठे झालीय अजून? माती पडली. देव तर यायचाच आहे." मग तिने तांदळावर सुपारी मांडली आणि तिलाच गणपती म्हणून पुजलं. मला वाटलं, बस, आता दादा बरा होणार.

दादा आठवड्याभरात गेला.

पुढच्या वर्षीच्या चतुर्थीला आई पुन्हा सुपारी मांडायला बसली, तेव्हा मी हादरलेच. "आई, अजूनही? दादाला वाचवलं का याने?"

तिने वर पाहिलं. डोळे भरलेले, पण हात थांबला नाही. "मग रडू कोणापुढे, बेटा?"

मी समजत होते, तिने देवाशी सौदा केला होता. तिने तो कधी केलाच नव्हता. इतकी वर्षं झाली, मी अजून थक्कच आहे.